बारा पॉइंटांचा वन नोट्रम्प

माहुलच्या अनंता कोळ्याचा हात फार लवकर सुटायचा. विसाव्या वर्षी बंदरावर जाळ्यावरून भांडण झालं, तर त्यानं वल्ह्यानं चुलतभावाचं डोकं फोडलं. पुढं कुर्ल्याला रंगाच्या कारखान्यात लागला, तिथंही एका फिटरचे दोन दात पाडले. तेव्हा मॅनेजरनं लेखी बजावलं, पुन्हा हात उचललास तर नोकरी गेली. घरात चार पोरं, होडी केव्हाच विकलेली. मग अनंतानं सगळी मस्ती पत्त्यांत ओतली.

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत ब्रिज चालायचा. त्याचा जोडीदार शिवदास, स्टोअरमधला कारकून, अकोल्याकडून येऊन घाटकोपरला राहिलेला. अकरा वर्षांत त्याचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. एक्क्याचे चार पॉइंट, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. हातात असे सोळा भरल्याशिवाय 'वन नोट्रम्प', म्हणजे हुकमाशिवाय तेरातले सात हात जिंकायची बोली, बोलू नये, हा शिवदासचा हट्ट. अनंताला बारा पुरत. "आपण आधी घुसायचं रे! समोरच्याला तोंड उघडू द्यायचं नाय," म्हणत तो टेबलावर अशी मूठ आपटायचा की चहाचे ग्लास कलंडायचे. या वादात एकदा त्यानं भिंतीवर आपटून स्टूल मोडलं. शेवटी तोड निघाली: हरल्यावर दंड जास्त पडेल त्या डावात सोळा, एरवी बारा. मात्र खेळाआधी हे समोरच्या जोडीला सांगायचं, तसा नियमच होता. सांगायचं काम बोलक्या अनंताचं.

एकाहत्तर साली कारखान्याच्या स्पर्धेत शेवटचा सामना तिथलेच एक अधिकारी श्यामसुंदर साहेब यांच्या जोडीशी पडला. शिवदास स्टोअरला कुलूप लावून धावत आला.

"त्यांना सांगितलंस ना?"

"सांगितलं ना यार, बस."

सांगितलं नव्हतं. अनंताला काहीही करून साहेबांना लोळवायचं होतं.

शेवटच्या डावात दंड कमी होता, आणि अनंताकडे बारा आले. "वन नोट्रम्प!" साहेबांच्या हातात बदामाची लांबलचक रांग होती, पण अनंताकडे सोळा असणार या भीतीनं ते गप्प बसले. शिवदासकडे दहा होते. बारा नि दहात मोठी बोली झेपत नाही, म्हणून तोही गप्प. ठरलेले सात हात झाले आणि सामना खिशात आला.

साहेबांनी पत्ते उलटून मोजले. "बाराच? आणि हा दहा पॉइंट घेऊन गप्प? तुझे बाराच, हे याला कसं कळलं?" ते शिवदासकडे वळले. "जातीच्या सवलतीत शिकलात, आता चोरीचीही सवलत पाहिजे काय रे?"

अनंता मूठ वळून उठला. पण त्याच्या आधी शिवदासनं लोखंडी खुर्ची उचलून साहेबांच्या तोंडावर घातली. नाक फुटलं. दुसऱ्या घावात साहेबांचं मनगट मोडलं. पत्ते रक्तानं भिजले. चौघांनी धरलं तरी शिवदास लाथा झाडत होता, आणि अनंता नुसता बघत राहिला.

शिवदासची नोकरी त्याच दिवशी गेली. दोन दिवस चौकीत मार खाऊन तो सुटला, तेव्हा अनंता घाटकोपरला गेला. शिवदासची बायको शकु हळद लावत होती.

"तू उठलेला बघितलं मी," शिवदास सुजलेल्या ओठांनी म्हणाला. "तुला चार पोरं. मला एकच पोर, मीरा. तुझ्या आधी मीच मारला. आणि आपण काय चोर नाय."

अनंताला राहवलं नाही. "शिवा, त्यांना मी सांगितलंच नव्हतं. विसरलो नाय. मुद्दाम."

शिवदासनं त्याच्या तोंडावर ठोसा मारला. मग दुसरा, तिसरा. शकु मध्ये पडेपर्यंत तो मारत राहिला. अनंताचा दात हातात आला, पण आयुष्यात पहिल्यांदा त्यानं हात वर केला नाही.

"चालता हो," शिवदास म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अनंता कामावर गेला. शिवदास चोर नाही, चोर मी आहे, एवढं सांगायला तो मॅनेजरच्या दारापर्यंत पोचला. उभ्या जन्मात कुणाला न भ्यालेल्या त्या माणसाला ते दार ढकलायचा धीर झाला नाही.