विलांटी आधी, अक्षर नंतर

आईच्या डोळ्यांचा मधला भाग गेला तेव्हा ती अडुसष्ट वर्षांची होती. कडेचं दिसायचं, मधलं नाही. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसत, केस दिसत, चेहऱ्याच्या जागी मात्र राखाडी डाग. डॉक्टरांनी वर्षभर इंजेक्शनं दिली आणि शेवटी सांगितलं, "आहे तेवढं टिकलं, हेच यश समजा." आईने मान डोलावली. रिक्षात बसल्यावर मला म्हणाली, "त्यांना काय जातंय समजायला? माझ्या वह्या राहिल्यात."

वह्यांचं आधी सांगते. वडिलांना तारापूरच्या वीज प्रकल्पात नोकरी लागली म्हणून आई-वडील साताऱ्याकडून इकडे आले आणि बोईसरला राहिले. आईला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी मिळाली, ती पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावर. रोज एसटीने जायची, पुढे दोन किलोमीटर चालायची. तिथल्या मुलांची बोली तिला सुरुवातीला कळत नसे आणि तिची पुस्तकी मराठी मुलांना कळत नसे. मग ती मुलांच्या तोंडचे शब्द लिहून ठेवू लागली. डावीकडे त्यांचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला, खाली मुलाने बोललेलं एखादं वाक्य. निवृत्त झाली तेव्हा अशा सोळा वह्या भरल्या होत्या. बाहेरच्या जिल्ह्यांतून बदली होऊन येणाऱ्या शिक्षकांच्या हाती त्या पडाव्यात, एवढीच तिची इच्छा. वडील गेले, आम्ही बोईसर सोडून पालघरला राहायला आलो, वह्या ट्रंकेतच राहिल्या. आणि त्या उतरवून काढायचं तिने मनावर घेतलं, तेव्हा डोळे गेले.

मी बोईसरच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिणं हे माझं काम. एका संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले तर आई माझ्या लॅपटॉपपुढे नाक टेकवून बसलेली आणि चेहरा लालबुंद.

"काय झालं?"

"हा माझं मराठी खोडतोय. मी नागली लिहिलं तर हा नागरी करतो. आवणी लिहिलं तर आठवणी करतो. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं मेल्याने."

मी पाहिलं. पांढरं झगझगीत पान होतं. त्याने तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. अक्षरं मोठी केली की ओळ पडद्याबाहेर पळे. आणि नागली म्हणजे नाचणी हे ठाऊक नसलेलं ते शब्द दुरुस्त करणारं यंत्र तिचा एकही शब्द जगू देत नव्हतं. तासाभरात तिची दीड ओळ झाली होती.

"ऊठ," मी म्हटलं. "मी तुला माझा एडिटर देते."

कामासाठी मी जो एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचं सॉफ्टवेअर, वापरते त्याला लोक जुनाट म्हणतात. दिसायला ओबडधोबड आहे, मेनू कोणाला सापडत नाही. पण त्यात एक गोष्ट आहे जी बाकी कशात नाही. अक्षरांच्या रंगापासून ते बोटाखालच्या कळीने काय करायचं इथपर्यंत सगळं आपण चार ओळींचे प्रोग्रॅम लिहून बदलू शकतो. एवढी वर्षं मी तो यंत्रांसाठी बदलत आले होते. माणसासाठी बदलायची वेळ पहिल्यांदाच आली.

रविवारी सकाळी आम्ही रंगांनी सुरुवात केली. काळ्यावर पांढरं नको म्हणाली, काळ्यावर तांबडंही नको. मी पिवळा लावला.

"हा. पण झेंडूचा नको, लिंबाचा कर."

मी एकेक आकडा बदलत गेले आणि ती मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने बघत राहिली. "थांब, हाच!" अक्षरं अंगठ्याएवढी केली, ओळ पडद्याच्या कडेला आली की शब्द न तोडता खाली वळेल असं केलं. कर्सर सापडत नाही म्हणाली, म्हणून त्याचा नारिंगी ठोकळा केला, अख्ख्या अक्षरावर बसणारा. मग मी थाटात टाइप केलं, शिक्षक.

पडद्यावर जे आलं ते बघून आई हसायलाच लागली. विलांटी एकीकडे, क्ष चे क आणि ष असे दोन तुकडे, क चा पाय मोडलेला, आणि एक ठिपक्यांचं वर्तुळ. "शिक्षकाचे हातपाय तोडलेस की गं!"

पुढचे चार दिवस कामावरून आले की मी त्यामागे लागत होते. एडिटर मराठी अक्षरं भलत्याच फाँटातून उचलत होता, आणि त्या फाँटला जोडाक्षर कसं जोडायचं हे माहीतच नव्हतं. गुरुवारी ते उमगलं. देवनागरी दिसली की अमुकच फाँट घे, दुसऱ्या कोणाकडे बघू नकोस, अशी एकच ओळ लिहायची होती. ती लिहिली, एडिटर बंद करून पुन्हा उघडला, आणि शिक्षक धडधाकट उभा राहिला. मी स्वयंपाकघरातून आईला ओढत आणलं. तिने तिरक्या मानेने पाहिलं आणि पिठाच्या हाताने माझ्या पाठीवर थाप मारली.

पण टायपिंग काही पुढे सरकेना. इंग्रजी उच्चाराप्रमाणे कळा दाबायच्या, के आय टी आय म्हणजे किती, असं मी शिकवत होते. तिला कळा दिसत नव्हत्या आणि पाठ होत नव्हत्या. दिवसाला अर्धं पान झालं तरी खूप. दोन आठवड्यांनी ती म्हणाली, "राहू दे. तुझा वेळ चाललाय माझ्यापायी." आईने काही सोडून दिल्याचं मला आठवत नाही, त्यामुळे ते ऐकून मलाच धसका बसला.

त्यानंतरच्या शनिवारची गोष्ट. रेडिओवर दुपारच्या बातम्या चालू होत्या. आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती आणि तिची दहाही बोटं टेबलावर भराभर नाचत होती.

"हे काय करतेस?"

"कुठे काय? अगं, सवय आहे जुनी. बातम्या टाइप करतेय."

"कशावर?"

"मशीनवर! नोकरीच्या आधी मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती मी. पहिली आले होते क्लासमध्ये. कळांवर रुमाल टाकून टाइप करायला लावायचे सर."

तिची बोटं आंधळेपणाने टाइप करायला शिकली होती, डोळे जाण्याच्या पंचेचाळीस वर्षं आधी. आणि मी तिला के आय टी आय शिकवत बसले होते!

त्याच दुपारी आम्ही तिच्या मशीनचा कळफलक कागदावर काढला. नुसतं विचारलं तर तिला सांगता येत नव्हतं. मी विचारायचे "ज कुठे?" आणि ती टेबलावर शब्द टाइप करून बोट जिथे पडेल ती जागा दाखवायची. रविवारी मी तो कळफलक एडिटरला शिकवला. बरीचशी अक्षरं बसली. अडलं ते ऱ्हस्व विलांटीवर.

आपण लिहिताना किती या शब्दातली विलांटी क च्या आधी काढतो, आणि टाइपरायटरवर ती आधीच टाइप करावी लागते, कारण कागदावर ती आधीच उमटायला हवी. संगणकाला मात्र आधी क हवा, मग विलांटी. आईची बोटं विलांटी आधी मारत आणि एडिटर ती मागच्या अक्षराला नेऊन चिकटवे.

"मी बदलते बोटं," आई म्हणाली.

"तू नाही बदलायचंस. तो बदलेल."

मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. विलांटीची कळ दाबली की ती लगेच उमटवायची नाही, हातात धरून थांबायचं. पुढचं अक्षर पूर्ण झालं की मगच त्याला लावायची. सोपं वाटतं, पण मध्येच जोडाक्षर आलं की थांबायचं कुठवर हे ठरवताना माझी दमछाक झाली. स्थिती, क्लिष्ट, चंद्रिका, एकेक शब्द घेऊन मी त्याला वठणीवर आणलं. रफाराचं याच्या उलट, तो मशीनवर नंतर येतो. तोही पकडला.

बुधवारी संध्याकाळी आई बसली. तिने मान सरळ ठेवली, पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. बोटं कळांवरून फिरवून जागा घेतली आणि एका दमात टाइप केलं, "किती दिवसांनी मी हे करते आहे." विलांट्या सगळ्या जागच्या जागी. खटखट असा एकसारखा आवाज घरात घुमत होता. मग ती थांबली, तिरकं बघून वाचलं आणि मोठ्याने ओरडली, "जमलं! अगं, जमलं की!" शेजारच्या वहिनी काय झालं म्हणून दारात आल्या.

आता वह्या वाचून दाखवणारं कोणीतरी हवं होतं, कारण माझ्या तोंडी ते शब्द नीट बसत नव्हते. आईची एक जुनी विद्यार्थिनी कोळगावला जिल्हा मुख्यालयात कारकून आहे, चाळिशी उलटलेली. तिला फोन केला तर पुढच्याच रविवारी हजर. चहा घेतला आणि पहिली वही उघडून वाचायला लागली. आईची बोटं चालू झाली.

एडिटरमध्ये मी शुद्धलेखन तपासायची सोय ठेवली होती. पाचेक ओळी झाल्या आणि पडद्यावर बघून मी चरकले. हाय, नाय, आमी, तुमी, नागली, राब, आवणी, जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ. आईनेही तिरक्या नजरेने ते पाहिलं आणि हात कळांवरून उचलले.

"अशाच रेघा मारायचे मी," ती म्हणाली. "पहिली दोन वर्षं. लाल पेनाने. हायचं आहे करायचे, नायचं नाही करायचे. एक मुलगी त्यामुळे वर्गात बोलायचीच बंद झाली. उत्तर येत असून बोलेना. मधल्या सुट्टीत जवळ घेऊन विचारलं तर म्हणाली, माजा बोलना चूक हाय. त्या दिवशी पहिली वही आणली."

वही वाचणारी बाई हसली. "बाई, ती मीच हाय. इसरल्या काय?"

"विसरेन कशी? म्हणून तर तुला बोलावलं."

मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला आणि लाल रेघ काढून टाकली. मग वाटलं, नुसती काढून काय उपयोग? मी या शब्दांची वेगळी यादी केली आणि एडिटरला सांगितलं की यादीतला शब्द दिसला की त्याला हिरवा रंग दे. एक कळ ठरवली, ती दाबली की कर्सरखालचा शब्द यादीत जाईल. आईने पहिला शब्द घातला, हाय. तो हिरवा झाला. मग नाय. मग नागली. पिवळ्या ओळींत एकेक शब्द उजळत गेला.

त्यानंतर पाच महिने दर रविवारी हे चाललं. ती बाई वाचताना आईच्या चुका काढी आणि आईला ते फार आवडे. एकदा म्हणाली, "बाई, तुमी राबचा अर्थ जाळलेला पाला असा लिवलाय. तेवढाच नाय. जिथं तो जाळून भाताचा बी टाकतात, ती जागा पन राबच हाय." आईने मुकाट्याने दुरुस्ती केली आणि मला म्हणाली, "बघ, पहिल्या बाकावर बसायची उगाच नाही."

सोळावी वही संपली त्याच महिन्यात कोळगावला नव्या शिक्षकांची कार्यशाळा होती. त्या बाईने साहेबांशी बोलून आईला अर्धा तास मिळवून दिला. सकाळची वेळ, सभागृहाच्या खिडक्या मोठ्या, पडदे नाहीत. मी लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. आईचा काळा पडदा भिंतीवर फिकट राखाडी झाला आणि लिंबाचा पिवळा उन्हात विरून गेला.

"मॅडम, काहीच दिसत नाही," मागून आवाज आला.

मी झटकन पांढऱ्यावर काळी अक्षरं केली. भिंतीवर स्पष्ट दिसू लागलं, पण लॅपटॉपचा पडदाही तसाच पांढरा झगझगीत झाला. आई माझ्या कानाशी पुटपुटली, "माझं गेलं."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग सुचलं. हा एडिटर एकच मजकूर दोन खिडक्यांत उघडू शकतो आणि प्रत्येक खिडकीला तिचे तिचे रंग देता येतात. कामावर मी दोन खिडक्या रोज वापरते, रंगांचा विचार कधी केला नव्हता. उभ्या उभ्या सहा ओळी लिहिल्या. पहिल्यांदा चुकलं, कंस राहिला होता. दुसऱ्यांदा चाललं. लॅपटॉपवर आईचा काळा-पिवळा, भिंतीवर पांढरं-काळं, आणि आईने टाइप केलेलं अक्षर दोन्हीकडे एकाच क्षणी उमटत होतं.

आई ताठ बसली. वर्गात बोलायचा तो आवाज लागला. "तुम्हाला अडलेला एखादा शब्द सांगा."

लातूरकडून आलेला एक शिक्षक उठला. "मॅडम, माझा एक विद्यार्थी आठवडाभर गैरहजर होता. विचारलं तर म्हणाला, आवणी होती. मला वाटलं, काहीतरी आजार असावा. मी तसंच लिहून ठेवलं."

सगळे हसले, आईही हसली. तिने पडद्याकडे न बघता टाइप केलं आणि वह्यांतली ती नोंद भिंतीवर उघडली. आवणी, हिरव्या अक्षरांत. खाली अर्थ, भाताची रोपं राबातून काढून शेतात लावणे. त्याखाली कुणा मुलाचं वाक्य, "आवणी हाय, मी नाय येत शालेत."

"आजारी नव्हता हो तो," आई म्हणाली. "तुमच्या-माझ्या ताटातल्या भातासाठी चिखलात उभा होता."

मग शब्द येतच राहिले. अर्ध्या तासाचा दीड तास झाला. साहेबांनी घड्याळ बघायचं सोडून दिलं आणि स्वतःच दोन शब्द विचारले. शेवटी पेनड्राइव्ह घेऊन शिक्षकांची रांग लागली. रांगेच्या कडेला ती कारकून बाई उभी होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "आमच्या बाई हायत त्या. सबद आमचं हायत."

बाहेर आल्यावर आईने माझा दंड धरला. तिची चाल एवढी झपाझप कधी पाहिली नव्हती. रिक्षाची वाट बघताना म्हणाली, "डोंगराचं झालं. किनाऱ्याचं कोण करणार? शिरगावात कोळणींची बोली निराळीच आहे. तिकडे तुझ्या ओळखीचं कोणी आहे का गं? आणि हो, त्या शब्दांना रंग वेगळा दे. समुद्राचा दे."