तणसीवर ठेवलेल्या पायल्या

ताईला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी पाठवणार नाही, असं तिच्या सासऱ्यांनी आमच्याच ओसरीत बसून, आमचाच चहा पिऊन सांगितलं. कारण एकच. आमचं घर सानगडीच्या अलीकडे, गावाबाहेर शेतात, आणि दारापुढे नाला. पावसाळ्यात कुठलीही गाडी पलीकडेच थांबते. "कळा आल्या तं पोरीले बाजेवर टाकून नेसान काय?" ते म्हणाले. माझं तोंड तिखट, उत्तर ओठावर आलं होतं. पण माणूस खोटं बोलत नव्हता, हीच पंचाईत. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. इवाई, म्हणजे ताईचे सासरे, उठून गेले तरी बाबा रिकामा कप धरून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं, नाल्यात सिमेंटच्या पायल्या टाकायच्या आणि वरून मुरूम. पायली म्हणजे रस्त्याखालून पाणी काढायचा तो जाड गोल पाइप, लहान पोर आत सहज उभं राहील एवढा. गावातल्याच एकाचा ट्रॅक्टर घेऊन आम्ही साकोलीकडे गेलो. मी कायले? तर बाबा एकटे गेले की कोणाचंच ऐकत नाहीत म्हणून. मी गेले तेव्हाही ऐकलं नाही, ती गोष्ट वेगळी.

हायड्रा क्रेननं पायल्या उचलून ट्रॉलीत ठेवायच्या आधी विकणारा म्हणाला, "काका, बाजूनं लाकडाचे गुटके ठोका. लोळते हे."

बाबांनी घरून तणस आणली होती, धानाचा वाळका पेंढा, पोतंभर दाबून. आमच्याकडे आंबे तणसीत पिकतात, अंडी तणसीत ठेवतात, थंडीत माणूस तणसीवर निजतो. मग पायल्यांनीच काय घोडं मारलं होतं? बाबांनी गादी अंथरावी तशी तणस अंथरली, तीन पायल्या आडव्या ठेवून घेतल्या आणि वरून दोर टाकून बांबूनं पीळ दिला. धानाचे भारे बांधतात तसाच.

"बाबा, गुटके लावा नं," मी म्हटलं.

"चूप बस. जलमभर भारे वाहिले मी. दोर बांधाचं मले शिकवून राहिली?"

आणि ते वर चढून बसले. भाऱ्यांच्या गाडीवर मालक वरच बसतो. पण भारे दबतात आणि एकमेकांना धरून बसतात. सिमेंट कोणाला धरत नाही. तणस तेवढी दबली आणि दोर सैल पडला. हे मला आज कळतं. तेव्हा मी ड्रायव्हरच्या बाजूला मडगार्डवर बसून धूळ खात होते.

तलावाच्या पाळीवर रस्ता चढतो. ट्रॅक्टरनं चढ घेतला आणि मागे काहीतरी घरंगळलं. जमीन हादरली. मी वळून पाहिलं तर ट्रॉलीत फक्त तणस. बाबा नाहीत.

उतरले कशी, धावले कशी, काही आठवत नाही. बाबा रस्त्याच्या कडेला पडले होते आणि उजवं पाऊल पायलीखाली. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "फुटली काय?"

"तुमचा पाय फुटला बाबा," मी ओरडले. ते पुन्हा म्हणाले, "पायली, पायली." एक फुटली होती. दोन साबूत होत्या, तसं मी सांगितलं. हे ऐकल्यावरच त्यांनी डोळे मिटले, आणि मला वाटलं, संपलं सगळं.

लोकांनी पायली लोटून पाय काढला आणि दवाखान्यात प्लास्टर झालं. त्यांना घरी आणलं ते बाजेवर, चौघांच्या खांद्यावर, नाल्याच्या गुडघाभर पाण्यातून. इवाई म्हणाले होते तसंच, फक्त माणूस दुसरा. ताईला कळवायचं नाही असं ठरलं. पण गावात गुपित कुठलं राहतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात भांडी घासत होते. नाल्यात कोणीतरी उतरलेलं दिसलं. पोट सांभाळत ताई पाण्यातून येत होती. तिचा एक हात सासऱ्यांच्या हातात, त्यांच्या दुसऱ्या हातात त्यांच्याच चपला. माझ्या हातातलं भाताचं गंज निसटून पडलं.

बाबा ओसरीत बाजेवरून धडपडत उठायला लागले. "जयभीम, इवाई. रस्ता झाला नाही अजून. तिले वापस घेऊन जा."

इवाई ओल्या धोतरानं तसेच उभे राहिले. "रस्ता नाही तं पाठवत नाही, एवढंच म्हटलं होतं मी. पायलीवर बसून या, असं म्हटलं होतं काय?" आवाज चढवला होता, पण तो फाटत होता. मग ते बाजेच्या कडेला बसले आणि प्लास्टरकडे पाहतच राहिले. ताई म्हणाली, "मी आता जात नाही." तिला कोणी विचारलंही नव्हतं.

चहा न घेताच इवाई उठले. "पायल्या कुठं पडल्या?" एवढंच त्यांनी मला विचारलं.

दुपारी ट्रॅक्टरचा आवाज आला. मायनं बाबांची बाज ओढून दाराशी आणली. नाल्यापलीकडे ट्रॉली थांबली. दोन्ही पायल्यांना दोन्ही बाजूंनी लाकडाचे गुटके. ट्रॉलीत कोणी नाही. तलावाच्या पाळीपासून इथपर्यंत इवाई मागून चालत आले होते, पायल्यांवरची नजर न काढता, उन्हातून.

बाबांनी बाजेवरूनच गुटके मोजले. मग मायला म्हणाले, "भात जास्त टाक. इवाई पायी आला."