न वाजणारा डबा

आमच्या मेहकरच्या घरात गप्प बसणं कोणालाच जमत नाही. मी बोलायला लागले की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात, आणि माझी लेक माझ्यावरही कडी करते. शाळेत मात्र पहिली सरून दुसरी लागली तरी बाईंनी तिचा आवाज ऐकला नव्हता. हजेरीला ती नुसता हात वर करायची. एकदा लघवीला जायचंय एवढंही सांगता आलं नाही, म्हणून ओल्या फ्रॉकमध्ये सुट्टीपर्यंत बसून राहिली. त्या दिवशी माझं डोकंच फिरलं. हे असं चालू द्यायचं नाही, ठरलं.

शेजारच्या काकूंनी वेखंड उगाळून मधातून आणलं. "काकू, तिची जीभ जड नाही हो, सकाळी भांडायला लागली की ऐका," मी म्हटलं. तरी त्यांनी चाटवलंच. बाकी सगळ्यांचं एकच, पोरगी हट्टी आहे.

बुलढाण्याला लहान मुलांच्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. त्या म्हणाल्या, "हट्टी नाही ती. तिला बोलायचं असतं, पण शाळेत भीतीनं गळा बंद होतो. पुष्कळ मुलांचं होतं असं, आणि ते सुटतं." मी खुर्चीतून उठलेच! सुटतं म्हणाल्या, सुटतं! मग त्यांनी अटी घातल्या. जबरदस्ती करायची नाही. तिच्या वतीनं उत्तर द्यायचं नाही. आणि ती बोललीच, तर टाळ्या पिटायच्या नाहीत, गवगवा केला की मूल पुन्हा आत जातं. ही शेवटची अट ऐकून माझाच गळा बंद झाला.

मग त्यांच्याच सांगण्यावरून शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आम्ही मायलेकी अष्टचंग खेळू लागलो. बाई आधी नुसत्या व्हरांड्यातून जायच्या, पुढे दारात थांबू लागल्या, मग टेबलाशी वह्या तपासत बसू लागल्या. त्या जवळ आल्या की लेकीचा आवाज बारीक व्हायचा. भाद्रपदापर्यंत त्यांच्यासमोर ती माझ्या कानात कुजबुजू लागली होती. मला रात्री आनंदानं झोप येईना.

तेवढ्यात आमच्याकडे भुलाबाई बसली, म्हणजे आमच्याकडचा भोंडलाच. गल्लीतल्या पोरी संध्याकाळी गाणी म्हणायला येतात आणि शेवटी खिरापत ओळखतात. झाकलेला डबा कानाशी हलवायचा, आत काय ते पोरींनी सांगायचं, तेव्हाच झाकण उघडतं. मी बाईंनाही बोलावलं. आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं माझं झालं. लेकीला आधीच गुपचूप सांगून टाकलं, "डब्यात शंकरपाळे हायेत. तुले फक्त तेवढंच म्हणायचं."

डबा खडखडला. मी तिच्याकडे अशी काही बघत होते की सगळ्या पोरीही तिच्याकडेच बघायला लागल्या. तिनं माझा पदर तोंडात कोंबला. दुसऱ्याच कोणीतरी शंकरपाळे ओळखले. झालं, सगळं मुसळ केरात! इतक्या दिवसांची मेहनत मीच घालवली असं वाटून मला रडू यायला लागलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पिशवीतून स्वतःचा डबा काढला. त्यात काय होतं ते मलाही माहीत नव्हतं. त्यांनी तो एकेकीच्या कानाशी हलवला, लेकीच्याही. आवाजच नाही.

"रिकामा हाय बाई!" पोरी ओरडल्या. "फसवून राह्यल्या तुम्ही!"

"रिकामा? बरं मग, ठेवून देते," बाई म्हणाल्या आणि डबा पिशवीत घालू लागल्या.

लेकीच्या तोंडातून सुटलेला ओला पदर माझ्या हातात पडला.

"रिकामा नाही!" लेक कडाडली. "बाई, ठेवू नका ना! वाजत नाही म्हणून काय झालं, आत शिरा हाय शिरा!"

मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. पोरी तिच्याकडे वळल्या, पण बाईंनी त्यांना बघत बसू दिलं नाही. झाकण उघडलं, खरंच शिरा होता. "हात धुतले का?" त्यांनी तिला विचारलं, कोणत्याही पोरीला विचारावं तसं.

"हाव," लेक म्हणाली आणि हात पुढे केला.

मी वाट्या आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात पळाले, दार लोटलं, नळ मोठा सोडला, आणि त्या आवाजात पोटभर टाळ्या वाजवून घेतल्या.