व्हिक्टर अंकलचा जुना प्रोसेसर

गिऱ्हाइकाने पीसी आणला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कशासाठी वापरता? लोक बेधडक थापा मारतात. "मुलाच्या अभ्यासासाठी," म्हणतात, आणि कॅबिनेट उघडलं की आत गेमिंगचं कार्ड. व्हिक्टर अंकलनी मात्र सरळ सांगितलं, "ट्रक चालवायला."

उत्तनहून भाईंदरपर्यंत बस आणि पुढे रिक्षा करून ते सिल्व्हर पार्कला माझ्या दुकानात आले होते. कॅबिनेट चादरीत बांधून सगळा वेळ मांडीवर धरलं होतं. सत्तरीकडे झुकलेला माणूस. आयुष्यभर त्यांनी बर्फाची गाडी चालवली. कारखान्यातून लाद्या भरायच्या आणि उत्तनच्या बंदरावर बोटींना पोचवायच्या. वाटेत वेळ गेला की बर्फ वितळतो आणि बोटवाले आईबहिणीवरून सुरू होतात, म्हणून हा माणूस रस्त्यात चहालाही थांबत नसे. मग काचबिंदूने एक डोळा गेला आणि गाडी सुटली.

हा पीसी मीच बांधला होता, त्यांच्या मुलासाठी. मेल्रॉय तेव्हा कॉलेजात होता. कमीत कमी पैशात गेम चालले पाहिजेत म्हणून एकेका पार्टवर त्याने माझं डोकं खाल्लं होतं. हुशार पोरगा, मला आवडायचा. पुढे तो कॅनडाला गेला. जाण्यापूर्वी त्याने बापाला एक ट्रकचा गेम शिकवला, जेवणाच्या टेबलाला खेळण्यातलं स्टिअरिंग घट्ट बसवून दिलं, आणि दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की उत्तनचा बाप आणि कॅनडाचा मुलगा कानाला हेडफोन लावून परदेशातल्या कुठल्यातरी हायवेवर एकामागे एक ट्रक पळवू लागले. तिकडे तेव्हा शनिवारची रात्र असायची.

"फोनवर बोलायचं ना," मी म्हणालो.

"फोनवर काय बोलणार? जेवलास काय, बरा हायस काय. संपलं."

मला ते पटलं. मेल्रॉय लहान असताना शाळेला सुट्टी लागली की बर्फाच्या गाडीत बापाच्या शेजारी बसायचा. दोघांना समोर रस्त्याकडे बघतच बोलता यायचं, एकमेकांच्या तोंडाकडे बघून नाही. अंकलची बायको, ज्युलिएट आंटी, गेल्या तेव्हा मेल्रॉयला मातीला पोचता आलं नाही. त्यानंतरच्या रविवारी त्या गेममधल्या रस्त्यावर दोघांनी ट्रक बाजूला घेतले आणि हेडफोनवर रडून घेतलं. हे अंकलनी मला दुकानाच्या काउंटरवर, इतर गिऱ्हाइकांच्या देखत सांगितलं. मी उगाचच एक स्क्रू शोधत बसलो.

पण आता ईस्टरपासून खेळ बंद होता. गेमचं नवं व्हर्जन आलं होतं आणि मेल्रॉयचं म्हणणं, पप्पा, तुमचा पीसी हँग होतो, तुमच्यापायी माझ्या मित्रांनाही थांबावं लागतं, आधी प्रोसेसर बदला, मग खेळू. मला जरा खटकलं. एकाचा पीसी रखडला म्हणून दुसऱ्यांचे अडत नाहीत. पण मी गेम लावून पाहिला, तर मशीन खरंच हँग होत होतं. मोकळ्या रस्त्यावर ठीक चालायचं, शहरात शिरलं की चित्र जागच्या जागी थिजायचं. गेमिंगच्या कार्डाला कामच नव्हतं, आणि प्रोसेसर बिचारा शंभर टक्क्यांवर धापा टाकत होता.

मी त्यांना पर्याय समजावले. याच मदरबोर्डावर बसणारा सहा कोअरचा प्रोसेसर घ्या, काम भागेल. त्याच्या वरचा एक आहे, तोही यावरच बसतो, पण खास गेमसाठी बनवलेला, जास्त कॅशवाला. कॅश म्हणजे ड्रायव्हरच्या हाताशी असलेला कप्पा, लागेल ती वस्तू तिथेच सापडते, गाडी थांबवून मागे शोधायला जावं लागत नाही. नाहीतर मग बोर्ड, रॅम, सगळंच नवं. धंदेवाल्याने शेवटचं गळ्यात मारायचं असतं. मी म्हणालो, "पहिला घ्या. तुमच्या ट्रकला पुष्कळ झाला."

"पयला घेतला आणि तरी पोर बोलला हँग होतंय, तर?"

"नाही म्हणणार."

"दुसराच दे," ते म्हणाले. "मेल्रॉयला बोलायला जागा नको."

माल यायला वेळ होता, म्हणून कॅबिनेट त्यांनी घरी परत नेलं. पुन्हा ते मांडीवर घेऊन त्यांना बस-रिक्षा करायला लावणं माझ्या जिवावर आलं. माल आल्यावर रविवारी मीच उत्तनला गेलो. ते नुकतेच मिस्सावरून आले होते, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. आज बसवतोय हे मुलाला कळवलं नव्हतं. एकदम ट्रक घेऊनच समोर जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

नवा प्रोसेसर बोर्डाने ओळखावा म्हणून जुना जागेवर असतानाच बोर्ड अपडेट करावा लागतो. ते झाल्यावर मी जुना काढला, पुसून प्लास्टिकच्या डबीत ठेवला आणि नवा बसवला. अंकल खुर्ची ओढून शेजारी बसले होते. जुन्याची डबी त्यांनी हातात घेतली ती ठेवलीच नाही.

गेम लोण्यासारखा चालला. ते शहरात शिरले, सिग्नलला थांबले, वळले. "अरे, माणसं सरळ चालतायत," ते म्हणाले. "आधी उड्या मारत व्हती." मग त्यांनी मित्रांची यादी उघडली. यादीत एकच नाव होतं आणि त्याच्यापुढे हिरवा ठिपका होता.

"हाय. पोर हाय," म्हणत त्यांनी घाईघाईने हेडफोन चढवला आणि बोलावणं पाठवलं.

काही आलं नाही. त्यांनी पुन्हा पाठवलं. त्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं मी वाचलं होतं. मेल्रॉय याच गेममध्ये होता, दुसऱ्या पाच जणांबरोबर. अंकलनी चष्मा वर केला, स्क्रीनजवळ गेले आणि तेही वाचलं. तरी एकदा पाठवलं.

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. ते फोन नेहमी स्पीकरवरच घेतात.

"पप्पा, तुमचं इन्व्हाइट दिसलं मोबाइलवर. मी कामावर हाय, डबल शिफ्ट लागलीय." त्याच्या मागे पोरं खिदळत होती आणि कुणीतरी ट्रकचा हॉर्न वाजवला. "पीसी झाला काय?"

अंकलनी स्क्रीनकडे पाहिलं. हिरवा ठिपका तिथेच होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"न्हाय रे," ते म्हणाले. "रघू आलाय, बघतोय. अजून हँग होतंय."

"बघा, मी बोललो व्हतो ना." मेल्रॉयचा आवाज एकदम हलका झाला. "घाई करू नका पप्पा. झाला की खेळू."

"जेवलास काय?"

"हो."

"बरं."

त्यांनी फोन ठेवला. मला मेल्रॉयचा संताप आला. शनिवारच्या रात्री जवान पोराला मित्र हवे असतात, बाप नको असतो, हे मला कळतं. मग तसं सांगायचं. म्हाताऱ्याला प्रोसेसर कशाला आणायला लावायचा? मी तोंड उघडलं, "अंकल, तो तर तिथे..."

"मला दिसतंय," ते म्हणाले. "एक डोळा हाय अजून." आणि हातातली डबी माझ्यापुढे धरली. "जुना बसव परत."

मला वाटलं, रागाने बोलतायत. मी म्हणालो की राहू द्या, तुमचा तुम्ही चालवा मजेत, एवढा छान चालतोय.

"पोराला आजवर कधी खोटं न्हाय बोललो. आज बोललो. तू जुना बसव, म्हणजे ते खोटं ऱ्हाणार न्हाय."

"आणि कायम हँगच होऊ द्यायचा?"

"चांगला झाला, तर पुढच्या रविवारी मेल्रॉयने मला काय सांगायचं?" ते म्हणाले. "अडचण होईल रे त्याला."

मी खूप वाद घातला. आवाजही चढवला, त्यांच्या घरात बसून. ते ऐकून घेत राहिले, डबी तशीच पुढे धरून. शेवटी मी नवा काढला, जुना बसवला. बसवलेला चांगला प्रोसेसर काढून मी याआधी कधी दुबळा लावला नव्हता. नवा डबीत बंद करून दिला, तो त्यांनी देव्हाऱ्यात ज्युलिएट आंटींच्या फोटोपुढे ठेवला. "मेल्रॉय येईल तेव्हा लावू," म्हणाले.

मग ते पुन्हा टेबलाशी बसले. डोक्यावर हेडफोन चढवला, त्यात बोलायला कुणी नसताना. ट्रक निघाला, मोकळा रस्ता संपला, शहराची पाटी आली आणि पहिल्या वळणावर चित्र थिजलं.

"हां," ते मला म्हणाले, "बघ, हँग झाला." त्यांच्या बोलण्यात सुटल्याचा सूर होता, तो मला सहन झाला नाही.

मी हत्यारं पिशवीत भरली. बर्फ वितळेल म्हणून कधी वाटेत न थांबलेला तो माणूस स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून चित्र हलायची वाट बघत बसला होता. मी निघतो म्हणालो, पण कानावर हेडफोन असल्यामुळे त्यांना ते ऐकू गेलं नाही.