दाजींचा पाचवा प्रश्न

उदगीर तालुक्यात ज्याला म्हणून इंग्रजी येतं, त्याला ते एकाच वाळवंटातून आलेलं आहे, आणि ते वाळवंट माझ्या दाजींच्या मालकीचं आहे. मी हे मेव्हणा म्हणून कौतुकानं सांगत नाही. आमचं लातूरला कापडाचं दुकान आहे आणि तिथे रोज दहा गावची माणसं येतात. उदगीरकडचं गिऱ्हाईक मी नुसत्या एका वाक्यावर ओळखतो. त्याला इंग्रजीत काहीही विचारा. आधी तो डोळे मिटतो आणि मग त्याच्या तोंडून वाळू, बी, पाऊस, फुलं याच क्रमानं शब्द बाहेर पडतात. साडीचा रंग सांगायचा असला तरी.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. उदगीरच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. तरुणपणी ते नांदेडला मास्तरकीचं शिक्षण घेत होते. तेव्हा तिथल्या जुन्या पुस्तकवाल्याकडे त्यांना एक गाईड मिळालं. त्याला ना पुढचा पुठ्ठा, ना मागचा. त्यात वाळवंटातल्या फुलांवर एक उतारा होता आणि खाली पाच प्रश्न. वाळवंटात वर्षानुवर्षं काही उगवत नाही. वाळूखाली बी झोपलेलं असतं. एखादी सर येऊन गेली तरी ते हलत नाही, कारण त्याच्या सालीवर एक लेप असतो आणि तो धुऊन निघेल इतका पाऊस झाला तरच ते जागं होतं. मग एखाद्या वर्षी तसा पाऊस होतो आणि नजर पोचेल तिथवर फुलंच फुलं. थोड्याच दिवसांत ती सुकतात, नवं बी वाळूत पडतं आणि वाळवंट पुन्हा झोपी जातं. उतारा एवढाच. वाळवंट कुठलं, लिहिणारा कोण, काही नाही, कारण ते पान फाटलेलं होतं. दाजींनी त्या फाटक्या पानावर संसार मांडला.

अभ्यासक्रम बदलले, पुस्तकं बदलली, चित्रं रंगीत झाली, पण दाजींचं वाळवंट जागचं हललं नाही. काळ शिकवायचे तर बी झोपतं, झोपलं, झोपेल. कर्मणी प्रयोग शिकवायचा तर पावसाकडून बी जागं केलं जातं. एकदा तपासणीला साहेब आले आणि म्हणाले, "आज पत्रलेखन घ्या." दाजींनी फळ्यावर विषय लिहिला, 'वाळवंटात पाऊस पाठवण्याबाबत हवामान खात्यास विनंती'. साहेब चिडायच्या बेतात होते, पण तासाच्या शेवटी तेच दाजींना बाजूला घेऊन विचारत होते की एका सरीनं बी का उगवत नाही. त्यांना चहा पाजून लेपाचं सगळं प्रकरण समजावून सांगितल्यावरच दाजींनी सोडलं. शेरा चांगला पडला.

बरं, हे वाळवंट शाळेपुरतं राहिलं असतं तर अक्काचा जन्म सुखाचा गेला असता. दाजींचे थोरले भाऊ देगलूरजवळच्या त्यांच्या गावी शेती करतात. एका मिरगाला बऱ्यापैकी सर येऊन गेली आणि भावानं पेरणीसाठी सोयाबीनची पोती बाहेर काढली. दाजी सुट्टीला तिथंच होते. त्यांनी बांधावर उभं राहून भावाला लेप, साल, वाळू यांवर व्याख्यान दिलं आणि म्हणाले, "दादा, वाळवंटातलं बी पहिल्या सरीला फसत न्हाई. तुमी कामून फसून राहिले?" भावानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्या वाळवंटातल्या बियाला शेजारी न्हाईत. माझ्या शेजाऱ्यानं सकाळीच तिफण घातली, बघ तिकडं." यावर उताऱ्यात काही उत्तर नसल्यामुळे दाजी घरी येऊन झोपले.

पण हे सगळे पहिल्या चार प्रश्नांचे खेळ. दाजींचा जीव अडकला होता तो पाचव्यात. पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं उताऱ्यातच सापडतात, बोट ठेवून उतरवून काढली की झालं. पाचवा मात्र ज्याच्या त्याच्या मनाचा, 'तुम्ही वाळवंट फुललेलं पाहिलंत तर काय कराल?' नोकरीच्या पहिल्या वर्षी दाजींनी वर्गाला सांगितलं, "लेकरांनो, ह्याचं उत्तर माझ्यापाशी न्हाई. आपल्या मनानं लिहा." वर्ग हादरला. मास्तरापाशी उत्तर नसलेला प्रश्न त्या लेकरांनी जन्मात पाहिला नव्हता. अर्ध्यांनी जागा कोरी सोडली आणि उरलेल्यांनी लिहिलं, 'सर सांगतील ते करू.' मुख्याध्यापकांनी निकालाची धास्ती घातली, पालक घरी येऊन बसले. शेवटी एका दुबळ्या क्षणी दाजींनी फळ्यावर एक नमुना लिहून दिला, 'मी शांत उभा राहीन आणि पावसाचे आभार मानीन.' खाली दोनदा रेघ मारून लिहिलं की हा फक्त नमुना आहे. मुलांनी ते इंग्रजीत पाठ केलं, रेघेसकट.

तिथून पुढे त्या नमुन्याला मरण नव्हतं. थोरल्या भावाकडून धाकट्याकडे, आत्याकडून भाचीकडे, झेरॉक्सच्या दुकानातून नवीन पोरांकडे तो वाहत राहिला. दाजी दरवर्षी वर्गापुढे हात जोडायचे. आपल्या मनानं लिहिणाऱ्याला बक्षीस म्हणून त्यांनी एक शाईचा पेन आणून ठेवला होता, हिरव्या रंगाचा, पितळी क्लिपचा. परीक्षेच्या दिवशी तो पेन टेबलावर ठेवायचे, पेपर तपासून झाले की खिशात घालून घरी आणायचे. खंडेनवमीला घरोघरी लोक आपापली हत्यारं पुजतात. अक्का विळी, अडकित्ता आणि शिलाई मशीन मांडायची आणि शेजारी तो पेन ठेवून त्यालाही हळदकुंकू लावायची. "कवा तरी धनी भेटंल ह्याला," म्हणायची. पेन नवाकोरा, हळदीनं मात्र पिवळा पडत चालला होता.

दाजींचा भाबडेपणा असा की त्यांना दरवर्षी आशा वाटायची. माझ्या भाचीला, म्हणजे त्यांच्याच लेकीला, बघायला मंडळी आली होती. पोहे झाले, नोकरीची चौकशी झाली आणि अक्का नको नको म्हणून डोळ्यांनी खुणावत असताना दाजींनी मुलाला पाचवा प्रश्न घातला. मुलगा नांदेडला वाढलेला, बाहेरचा, म्हणून दाजी पुढे सरसावून बसले होते. मुलगा विचारात पडला, काहीतरी बोलणार तेवढ्यात शेजारी बसलेली त्याची आई पदर सावरत खणखणीत इंग्रजीत म्हणाली, मी शांत उभी राहीन आणि पावसाचे आभार मानीन. माहेर उदगीर. दाजींच्या पहिल्या वर्गातली. बाईंनी तिथंच वाकून सरांना नमस्कार केला, घरात आनंदीआनंद झाला, लग्न ठरलं. मी दाजींकडे पाहिलं तर लेकीचं लग्न ठरलेल्या बापाचा तो चेहरा नव्हता. मला हळूच म्हणाले, "मेव्हणे, पोरगं काहीतरी येगळं सांगणार होतं हो."

दाजींची आणखी एक खोड सांगायची राहिली. त्यांच्याबरोबर प्रवास म्हणजे पाट्यांचा प्रवास. गाडीच्या खिडकीतून त्यांना फक्त अक्षरं दिसतात. ढाब्याचं इंग्रजी, टायरवाल्याचं इंग्रजी, 'येथे पंचर काढून मिळेल'च्या खाली ज्यानं त्यानं आपल्या हिमतीनं लिहिलेलं इंग्रजी, सगळं ते मोठ्यानं वाचतात आणि दुरुस्त करतात. एकदा निलंग्याच्या एसटीत त्यांनी कंडक्टरला तिकिटावरची चूक दाखवली होती. वस्ती संपून पाट्या संपल्या, की यांचे डोळे मिटतात. पुढचं गाव आलं की पहिल्या पाटीला ते जागे होतात. उदगीर-देगलूर रस्त्यानं हा माणूस आयुष्यभर ये-जा करत आला, पण मधलं माळरान त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं, कारण माळावर कुणी काही लिहून ठेवलेलं नाही.

आणि मग निवृत्ती आली. त्यांच्या पिढीतले बरेच मास्तर कागदोपत्री एक जूनला जन्मलेले असतात, पण दाजी खरोखरच सप्टेंबरात जन्मले होते, त्यामुळे भर पावसाळ्यात त्यांचा निरोप समारंभ झाला. शेवटच्या चाचणीचे पेपर आदल्याच आठवड्यात तपासून झाले होते. सगळा वर्ग शांत उभा होता आणि पावसाचे आभार मानत होता. अक्कानं मला फोनवर सांगितलं, "जेवून न्हाई राहिले. नुसता पेन पुसून राहिले."

समारंभाला मी गेलो होतो. हॉल खच्चून भरलेला. व्यापारी, वकील, शिक्षिका, बाजार समितीतले अडते, सगळे दाजींचे विद्यार्थी. शाल झाली, श्रीफळ झालं. दाजी बोलायला उभे राहिले. त्यांनी खिशातून तो हिरवा पेन काढून माइकपाशी ठेवला आणि म्हणाले, "भाषण मला येत न्हाई. शेवटचं एकदा इचारतो. आता तुमी मोठे झालात. जग बघितलं. आपल्या मनानं सांगा." आणि त्यांनी पाचवा प्रश्न विचारला. मला पहिल्या रांगेतून त्यांचा हात दिसत होता, तो टेबलाची कड धरून होता. मग अख्खा हॉल उठून उभा राहिला आणि एका सुरात, प्रार्थना म्हणावी तसं, ते इंग्रजी वाक्य म्हणाला. कित्येकांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना वाटलं, सरांना ह्याहून मोठी गुरुदक्षिणा कोणती. टाळ्या थांबेनात. दाजी हसले, हात जोडले, पेन खिशात घातला आणि खाली बसले. मला फार वाईट वाटलं त्या माणसाचं. इतक्या प्रेमानं कुणाला हरवलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नोकरी सुखरूप संपली म्हणून गावच्या देवाला नारळ द्यायला देगलूरकडे निघालो. गाडी मी चालवत होतो, दाजी शेजारी, अक्का मागे. त्या दिवशी दाजींनी पाट्यासुद्धा वाचल्या नाहीत. एका हॉटेलच्या बोर्डावर इंग्रजीच्या तीन चुका होत्या, मी मुद्दाम गाडी हळू केली, तरी ते गप्प. वस्ती संपली तसे त्यांचे डोळे मिटले. दोन वर्षं पावसानं ओढ दिली होती, यंदा मात्र तो मन लावून पडला होता. घाट चढून माळावर आलो आणि अक्का एकदम म्हणाली, "थांबीव रे गाडी."

मी थांबवली. एरवी जिथं खडक आणि काटेरी झुडपं तेवढी दिसतात तो माळ दूरवर रंगला होता. टाकळ्याची पिवळी फुलं, कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे आणि मधूनमधून जांभळी बारीक फुलं, ज्यांची नावं मला कापडवाल्याला कुठून ठाऊक असणार. अक्का उतरली. दाजींच्या बाजूचं दार उघडून म्हणाली, "आवं, उठा. झोपून काय राहिले? इथं पाटी न्हाई म्हणून तुमाला दिसायचं न्हाई. उतरा खाली."

दाजी उतरले. चष्मा पुसला, पुन्हा लावला. अक्का म्हणाली, "आता इचारा मला तुमचा पाचवा."

अक्काचं इंग्रजी म्हणजे भिंतीपलीकडून ऐकलेलं. घरच्या शिकवण्या बाहेरच्या खोलीत चालायच्या आणि ती आत भाकरी थापायची. दाजींनी, सवयीनं, इंग्रजीतूनच विचारलं. अक्कानं माळाकडे बघत उत्तर दिलं, "मी? मी आधी चपला काढीन. पेरलेल्या रानात चपला घालून जात न्हाईत. खाली अजून किती बी निजलंय कुणाला मालूम. आन् फुलं तोडायची न्हाईत, त्यांचं बी पडू द्यायचं. आन् तुमाला म्हणीन, आता जरा गप बसा, मला बघू द्या."

असं म्हणून तिनं खरंच चपला काढल्या, रस्त्याच्या कडेला जोडीनं ठेवल्या आणि ती खडकाखडकावरनं जपून पाय टाकत आत गेली. दाजींनी तिच्या चपलांकडे पाहिलं. मग आपले बूट सोडायला ते वाकले. वाकलेलेच राहिले जरा वेळ. वर न बघता मला म्हणाले, "मेव्हणे, सगळ्या तालुक्याला इचारलं. हिला कवा इचारलंच न्हाई की मी."

परत आल्यावर त्यांनी पेन तिच्या हातावर ठेवला. अक्का म्हणाली, "मला कशाला? मी काय लिहिणार हाय?" पण घेतला. यंदाच्या खंडेनवमीला मी उदगीरला गेलो होतो. विळी होती, अडकित्ता होता, शिलाई मशीन होतं, पेन मात्र पाटावर नव्हता. विचारलं तर अक्का स्वयंपाकघरातून म्हणाली, "रोजच्या वापरात हाय." दाजी बाहेरच्या खोलीत बसले होते. शिकवण्या बंद, खुर्च्या भिंतीला लावलेल्या. मला खूण करून बसवलं आणि आतल्या दाराकडे तोंड करून त्यांनी पाचवा प्रश्न विचारला. हल्ली रोज विचारतात म्हणे. आत तव्यावर भाकरी पालथी पडल्याचा आवाज आला. दाजी मान किंचित वाकडी करून उत्तराची वाट बघत बसले, आणि कालचंच उत्तर आज येणार नाही याची त्यांना पुरती खात्री होती.