दाजींनी जोडलेल्या तीन तारा

मोटर मी जाळली, दाजींनी नाही. एवढंसं वाक्य, पण ते पाच माणसांसमोर म्हणायला मला नऊ महिने लागले. त्या नऊ महिन्यांत मी दोनदा खोटा वागलो. एकदा तोंडानं आणि एकदा गप्प राहून. दुसरं जास्त वाईट होतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. मूळचे गंगापूरकडचे, शिक्षण सातवीपर्यंत. उस्मानपुऱ्यात त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटर खोलायची, काळी पडलेली तार काढायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश द्यायचं, हे काम ते तीस वर्षं करत होते. मी वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला, डिप्लोमा झालेला. आमच्यात हे एक अंतर आहे असं मला वाटायचं. दाजींना ते कधी दिसलंच नसावं.

आणि मोटर होती माझ्या मॉन्स्टर ट्रकची. रिमोटवर पळणारा ट्रक, मोठ्या बोक्याएवढा, त्याला नारळाएवढी चाकं. चाळिशी ओलांडल्यावर मी तो एकाकडून वापरलेला घेतला. बायको म्हणाली, "आता तेवढे दुधाचे दात यायचे राहिलेत." त्या वर्षांत नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं. ट्रक चिखलमातीचा होऊन घरी आला की ती दारातच अडवायची. "धुवायचा असंल तर तुमच्या आंघोळीच्या बादलीत धुवा. आणि मग त्याच पाण्यात आंघोळ करा." मी जुन्या दाढीच्या ब्रशनं तो झटकायला शिकलो.

दर रविवारी सकाळी आम्ही सहा जण शहराबाहेरच्या एका पाझर तलावात जमायचो. तलाव दोन वर्षं कोरडा होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या रेघा आणि 'प्लॉट विकणे आहे'च्या पाट्या पार तलावाच्या बांधापर्यंत आल्या होत्या. तळाची माती मात्र टणक, मधूनमधून भेगाळलेली, उंचवटे अगदी सोयीचे. सगळं गाव पावसाची वाट बघत होतं आणि आम्ही तलाव कोरडा म्हणून खूश होतो. याची थोडी लाज वाटायची, पण रिमोट हातात आला की विसरायची. सहा जणांत एक दातांचे डॉक्टर होते, एक मोबाइल दुकानवाला भाई होता, बाकीचे असेच. दाजी सातवे. त्यांच्याकडे गाडी नव्हती, पण ते पहिल्या रविवारी सहज आले आणि मग यायचेच. सगळ्यांच्या तारा, बॅटरीचे जोड त्यांच्याच हातचे. मी त्यांना शेवटची दहा मिनिटं रिमोट द्यायचो. दाजी ट्रक चालवताना स्वतः वाकायचे, वळणाला पूर्ण अंगानं वळायचे. डॉक्टर म्हणायचे, "दाजी, ट्रक वळतोय, तुम्ही उभे राहा."

माझ्या ट्रकला जुनी, कार्बन ब्रशची मोटर होती. ती थकली, तेव्हा मी ब्रशलेस घ्यायची ठरवली. हिच्यात ब्रश नसतात, तीन तारा बाहेर येतात आणि एक छोटा कंट्रोलर तिला फिरवतो. मी फोनवर तीन मोटरी निवडल्या आणि ट्रक घेऊन दाजींच्या दुकानात गेलो. दुकानात आणि दुकानाबाहेर पाणबुडी मोटरींचे ढीग. बोअर आटले की मोटर कोरडी फिरते आणि जळते. दुष्काळात दाजींना जेवायला फुरसत नसायची.

मी त्यांना समजावून सांगितलं. प्रत्येक मोटरीवर एक आकडा असतो, एका व्होल्टमागे ती किती फेरे घेते त्याचा. आकडा मोठा म्हणजे वेग जास्त. दाजींनी फोनकडे बघितलंच नाही. त्यांनी ट्रक उचलून वजन जोखलं, मग बोटानं चाक फिरवलं.

"गाडी जड हाय. चाक तर लईच मोठं हाय. हळू फिरणारी घ्या, पर अंगानं जाड घ्या."

"दाजी, ही सगळ्यात सावकाश आहे."

"मग तीच. एवढं चाक ढकलायला ताकद लागती. पळणारीला ह्ये वज्जं दिलं तर ती करंट ओढ ओढ ओढंल आन जळंल."

"ही पंपाची मोटर नाही, दाजी. हे तंत्र वेगळं आहे."

"आसंल," दाजी म्हणाले. मग बाहेरच्या ढिगाकडे मान करून म्हणाले, "ह्येंच्या मालकांनी बी मला ह्येच सांगितलं व्हतं."

ढिगातल्या मोटरींची गोष्ट मला ठाऊक होती. पाणी खोल गेलं की जो तो एक नंबर वरची, म्हणजे जास्त ताकदीची मोटर बोअरमध्ये सोडायचा; ती उरलंसुरलं पाणी झटक्यात उपसायची आणि कोरडी फिरून जळायची. आमच्या गावी चुलत्यांनी तेच केलं होतं, कारखान्यात मीही तेच करायचो. शंका आली की एक नंबर वरची घ्या. आमच्या भागात ही पिढ्यानपिढ्यांची अक्कल आहे. मी सगळ्यात मोठ्या आकड्याची मोटर मागवली. वर तिच्या दांड्यावर मोठ्यात मोठं दातेरी चाकही बसवलं, म्हणजे वेग अजून वाढावा. तीन तारांना टोकं मात्र दाजींकडूनच सोल्डर करून घेतली. त्यांनी भिंग लावून, काम बाजूला ठेवून ती केली. एकदा चिमट्यानं ओढून बघितली आणि म्हणाले, "ह्ये आपलं काम झालं. बाकी तुमचं तंत्र."

रविवारी ट्रक सुटला तो सशासारखा. भाई ओरडला, "क्या बात है! ये तो हवाई जहाज हो गया!" चार मिनिटं मी त्या तलावाचा राजा होतो. मग दाजी जवळ येऊन हळूच म्हणाले, "मेव्हणे, थांबवा. वार्निशचा वास येतोय."

मला वास येत नव्हता. खरं सांगायचं तर येत होता. पण डॉक्टर फोनवर चित्रीकरण करत होते आणि म्हणाले होते, बांधावरून एक उडी होऊन जाऊ द्या. मी उडी घेतली. ट्रक खाली आला, थरथरला आणि जागच्या जागी थांबला. खालून धुराची एक बारीक रेघ निघाली.

सगळे गोळा झाले. कोणी काही विचारायच्या आतच मी म्हणालो, "एखादी तार सुटली असणार. सोल्डरिंग कच्चं राहिलं वाटतं, दाजी."

तीनपैकी एक तार सुटली की मोटर जळते, हे कुणालाही पटण्यासारखं होतं. दाजींनी मोटरीला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. मला वाटलं, आता ते दुकानाबाहेरच्या ढिगाची गोष्ट सांगतील. ते म्हणाले, "आसंल. मानसाच्या हातून ऱ्हातं कधी." आणि बांधावर जाऊन बसले. त्या दिवशी शेवटची दहा मिनिटं नव्हती.

घरी येऊन मी मोटर खोलली. आतली तार कोळशासारखी. तिन्ही जोड मात्र चकचकीत. मी एकेक जोड पकडीनं ओढला. एक तार तर तुटली, पण जोड सुटला नाही. मी ते सगळं एका डब्यात घालून कपाटात वरच्या फळीवर ठेवलं, आणि कोणालाही न सांगता जाड, सावकाश मोटर मागवली. दाजींनी सांगितलेली. दातेरी चाकही लहान लावलं.

ट्रक सुंदर चालू लागला. चढ आला तरी दमायचा नाही, आणि मोटरीवर खुशाल हात ठेवता यायचा. डॉक्टर म्हणाले, "निवड करावी तर तुम्ही." मी म्हणालो, "अभ्यास करावा लागतो." हे वाक्य आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

दाजी तलावावर यायचे थांबले. आक्का म्हणाली, "आता रविवारीबी दुकान उघडतात. काम लई हाय म्हनं." बाकीचेही आपले जोड दुसरीकडे नेऊ लागले. आणि एक शब्द जन्माला आला. कोणाचंही काही जळालं, बंद पडलं की भाई म्हणायचा, "गई. दाजी हो गई." सगळे हसायचे. मीही हसायचो. त्या पावसाळ्यात तलाव भरला, आम्ही एका नव्या वसाहतीच्या मोकळ्या रस्त्यांवर गेलो, पण शब्द आमच्याबरोबर आला. तिथं नवीन आलेल्यांना तर दाजी नावाचा माणूस असतो हेही माहीत नव्हतं.

दिवाळीनंतर आक्का घरी आली. चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "एक इचारू का? काल एक गिऱ्हाईक मिक्सर घेऊन आलं. यांच्यासमोर म्हनलं, ह्येची दाजी झाली. यांनी इचारलं, म्हंजे काय? तर म्हनलं, आमच्या ग्राउंडवर जळाल्याला असंच म्हनत्यात." ती माझ्याकडे बघत राहिली. "यांनी मिक्सर भरून दिला. रात्री जेवले नाहीत. तुमच्या ग्राउंडवर ह्यांनी काय जाळलं रे?"

मी उठून कपाटातला डबा काढला.

पुढच्या रविवारी मी पाचही जणांना घेऊन उस्मानपुऱ्यात गेलो. काम आहे, एवढंच सांगितलं होतं. सहा पोक्त माणसं दुकानात शिरली आणि जागाच उरली नाही. डॉक्टर एका पाणबुडी मोटरीवर बसले. दाजी गडबडले. "आरं, येवढे मोठे लोक! बसा, बसा. मेव्हणे, आधी सांगायचं, खुर्च्या आणल्या असत्या." आणि समोरच्या टपरीला हाक मारून सात चहा सांगितले.

मी डबा उघडून टेबलावर पालथा केला. "ही ती मोटर. आणि हे दाजींचे तीन जोड." मी पकड भाईच्या हातात दिली. त्यानं जोर लावून एक जोड ओढला. मग दुसरा. मग त्यानं पकड खाली ठेवली.

"ये तो पक्का है, भाई. फिर जली कैसे?"

मी सगळं सांगितलं. फोनवरच्या तीन मोटरी, दाजींनी कोणती सांगितली, मी कोणती घेतली, मोठं दातेरी चाक, वार्निशचा वास, आणि तो मला आला होता, तेही. आता जी चालते आहे ती दाजींचीच निवड, तेही. चहा आला होता, पण कोणी कप उचलत नव्हतं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "म्हणजे इथून पुढं जळालं की 'मेव्हणा झाली' म्हणायचं."

दुकान हसण्यानं दणाणलं. दाजी तर इतके हसले, की त्यांना डोळे पुसावे लागले. "आता कसं बरुबर बसलं," ते म्हणाले, आणि कप पुढं सरकवू लागले. त्यांच्या बाजूनं विषय संपला होता. मलाही त्या हसण्यात सहज सुटता आलं असतं. पण माझ्या लक्षात आलं, की मी इतका वेळ फक्त मोटर कशी जळाली ते सांगितलं. जे करायला आलो होतो ते अजून केलंच नव्हतं.

मी उठलो. वाकून दाजींच्या पायांना हात लावला. ते "आरं, आरं" करत मागं सरकले, पण मागं बोअरच्या मोटरींचा ढीग होता.

"दाजी," मी म्हणालो, "तुमचा जोड पक्का होता हे मला त्याच दिवशी घरी गेल्यावर कळलं होतं. तरी मी नऊ महिने तुमच्या नावावर हसत राहिलो. माझं चुकलं. मला माफ करा. आणि आज शेवटची दहा मिनिटं नाही, पहिल्यापासून रिमोट तुमच्याकडे."