गेटवरची चिंधी

वॉचमनबाईने हिराबाईला पत्र्याच्या आडोशाला नेलं आणि तिच्या अंगावरचं पाळीचं कापड आणून टेबलावर ठेवलं. कारखाना सुटायची वेळ, गेटवर झडती. मागे दीडशे बायांची रांग. हिरव्या-मातकट ठिपक्यांच्या कापडावर रक्त काळं दिसत होतं.

सुरक्षा अधिकाऱ्याने ते छडीने उचललं. सैन्यातून निवृत्त झालेला माणूस. सगळे त्याला मेजरसाहेब म्हणत.

"मिलिटरीचा माल आहे हा. चोरी!"

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना. नव्वदनंतर परदेशी सैन्यांच्या गणवेशांच्या ऑर्डरी येऊ लागल्या होत्या. ते कपडे घालून कोण कुणाला मारणार, हे शिवणाऱ्या बायांना कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मी त्यांचा सुपरवायझर होतो.

हिराबाई कल्याणच्या खाडीकाठची कोळीण. खाडीत मासळी उरली नाही म्हणून मशीनवर बसलेली. त्या दुपारी ती माझ्याकडे आली होती. "दादा, घरी जाऊ द्या. अडचन आलीय."

मी घड्याळाकडे बघत म्हणालो, "शिपमेंट आहे. कटिंगच्या टेबलाखाली चिंध्या पडल्यात, त्यातलं घ्या."

आता गेटवर, टेबलापाशी उभ्या उभ्या तिने माझ्याकडे पाहिलं. "दादा, सांगा ना यांना. तुमीच बोललेलात."

मी पुटपुटलो, "सर, कचऱ्यातली चिंधी आहे ती."

"काय रे, बांगड्या भरल्यास का?" मेजर म्हणाला. गेटवरचे पुरुष हसले. माझे कान तापले. दीडशे बायांसमोर मला बाई म्हटलं गेलं, आणि मला तेवढाच अपमान दिसला. माझा. टेबलावरचा दिसला नाही.

मग कागद पुढे आला. इंग्रजीत. चोरी होताना मी पाहिली, असा मजकूर. हिराबाईला तो वाचता येत नव्हता. मला येत होता. मी सही केली.

तिला कामावरून काढायचं म्हणून महिन्याने चौकशी बसली. मॅनेजरसाहेबाची केबिन, दार बंद. साक्षीदार मी. महिनाभर मला जेवण गेलं नव्हतं, पण त्याचं कौतुक नको. कामाविना तिची तर चूल थंड होती.

"सही माझी आहे," मी म्हणालो. "मजकूर खोटा आहे. कापड मी घ्यायला सांगितलं."

"परत बायकी झालास," मेजर म्हणाला.

"असेन. चोरी झालेली नाही."

चोरीचा आरोप गुपचूप मागे घेतला. मला वाटलं, ती काहीतरी बरं बोलेल. जिन्यात तिने मला थांबवलं.

"खोलीत बोललात. मला नागवं केलं ते गेटवर. तिथं अजून चोरच हाय मी."



दुसऱ्या दिवशी सुटीला मी त्या टेबलाशी उभा राहिलो. दीडशे बायांना मोठ्याने सांगितलं: रजा मी नाकारली, कापड मी दिलं, खोटी सही मी केली. मेजरने माझी कॉलर धरली. मी बोलत राहिलो. नोकरी त्याच संध्याकाळी गेली.

हिराबाईची माफी मी मागितली नाही. ती मागून मलाच हलकं वाटलं असतं, आणि तसं वाटायचा मला हक्क नाही. यापुढे बाईची अब्रू चारचौघांत काढली गेली, तर मी चारचौघांतच तोंड उघडेन. त्याच जागी. त्याच क्षणी. महिन्याने नाही.